अंगठी फिरेना: गोव्याचं अपुरं आणि बसलटनचं पूर्ण आयर्नमॅन

रंकाळापहाट | ७ जानेवारी २०२४

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बसलटन या गावी मी पूर्ण अंतराची आयर्नमॅन शर्यत पार केली. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावायचं, आणि हे सगळं १७ तासांच्या आत. मला १५ तास ४ मिनिटं लागली. वय ४४, राहणार कोल्हापूर, बँकेत नोकरी, घरी दोन मुलं.

फोटो टाकल्यावर इथल्या बऱ्याच जणांनी "सविस्तर लिही" म्हणून सांगितलं. महिनाभर थांबले, कारण मला लिहायचंय ते पोटाबद्दल, आणि ते घाईत लिहून चाललं नसतं. हात-पाय-छाती यांच्या सरावाबद्दल सगळे बोलतात. माझी पहिली शर्यत पोटाने घालवली आणि दुसरी पोटानेच पार केली.

सुरुवात गोव्यापासून करते. १३ नोव्हेंबर २०२२, मिरामार. आयर्नमॅन ७०.३, म्हणजे पूर्ण शर्यतीच्या निम्मं अंतर: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. पोहणं झालं, सायकल झाली, तोवर मी खूष होते. नोव्हेंबर असला तरी साडेनऊलाच अंगातून धारा लागलेल्या. घरून सगळ्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "पाणी पीत राहा". मी प्यायले. तहान असो नसो, पाणी देणारं टेबल दिसलं की दोन पेले. बरोबर मीठ नाही, खाणं जवळपास नाहीच, कारण उन्हात काही घशाखाली उतरत नव्हतं.

धावताना दोना पावलाकडून राजभवनाकडे चढणारा रस्ता लागतो. दुसऱ्या फेरीला तिथे पोटात पाणी डचमळायला लागलं. पखालीत हलतं तसं, प्रत्येक पावलाला. डोकं ठणकत होतं. कपाळ पुसायला हात वर केला तर डाव्या हातातली अंगठी बोटात रुतलेली दिसली, दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं. सकाळी हीच अंगठी समुद्रात गळून पडेल या भीतीने मी आतून दोरा गुंडाळून घट्ट केली होती. आता फिरवून बघितली, फिरेना. उन्हाने हात सुजला असेल असं वाटलं आणि पुढच्या टेबलाला आणखी दोन पेले प्यायले.

तेराव्या किलोमीटरला ओकले. नुसतं पाणी. मग रस्त्याच्या कडेलाच बसले, आणि उठताना आपण कुठल्या दिशेने पळत होतो तेच आठवेना. एका स्वयंसेवक मुलीने दंडाला धरून वैद्यकीय तंबूत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी माझा हात बघितला, मग विचारलं किती पाणी प्यायलात. मला वाटत होतं पाणी कमी पडलं. उलटंच झालं होतं. नुसतं पाणी इतकं प्यायले होते की रक्तातलं मीठ पातळ झालं होतं. शर्यत तिथेच संपली. संध्याकाळी हॉटेलवर नवऱ्याने साबण लावून अंगठी काढली, तेव्हा मी खूप रडले.

घरी आल्यावर दोन आठवडे सायकलला हात लावला नाही. मग एका शनिवारी पहाटे वजनकाट्यावर उभी राहिले. ६१.२ किलो. दोन तास सायकल चालवली, ७५० मिली पाणी प्यायले, परत येऊन अंग कोरडं करून पुन्हा काट्यावर. ६०.० किलो. म्हणजे वजनातली १.२ किलोची घट अधिक प्यायलेलं पाऊण लिटर, दोन तासांत जवळजवळ दोन लिटर घाम. तासाला एक लिटर. हे थंडीत. एप्रिलमध्ये हाच आकडा तासाला १.४ लिटर आला. वर्षभरात मी अशा ३१ नोंदी केल्या. वहीत तारीख, ऊन की ढगाळ, काय खाल्लं, किती खाल्लं, पोट कसं होतं. अंगातून काय जातं आणि पोट किती आत घेऊ शकतं हे त्या वहीने शिकवलं.

खाण्याचंही तसंच. सुरुवातीला सायकलवर तासाला ३० ग्रॅम कर्बोदकं घेतली तरी मळमळायचं. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत ऑगस्टपर्यंत ६० ग्रॅमवर आले. काय खायचे? बोराएवढे लहान बटाटे उकडून, सोलून, मीठ चोळून (१०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात), राजगिऱ्याची चिक्की, आणि बाटलीत साखर-मीठ-लिंबू. निपाणी-संकेश्वरच्या रस्त्यावर पहाटे चारला निघून दर २० मिनिटांनी घड्याळ थरथरलं की एक घास. भूक लागो न लागो. पाणी मात्र तहानेप्रमाणे. गोव्यात मी बरोबर याच्या उलट केलं होतं.

पोहण्याचा सराव राजाराम तलावात आणि दोनदा मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर. त्याबद्दल फार लिहीत नाही, कुणी विचारलं तर सांगेन.

आता बसलटन. पर्थच्या दक्षिणेला साधारण २२० किलोमीटरवरचं शांत, सपाट गाव. समुद्रात आत गेलेला १,८४१ मीटर लांबीचा लाकडी धक्का आहे, त्याचा पहिला भाग १८६५ साली बांधून झाला. पोहण्याचा मार्ग या धक्क्याला वळसा घालून जातो. श्वासाला मान वळवली की लाकडी खांब मागे सरकताना दिसतात, तेवढा आधार मला पुरला. २०१७ साली इथे शार्क दिसल्यामुळे शर्यतीतलं पोहणंच रद्द केलं होतं, हे घरी परत आल्यावरच सांगितलं. पोहायला १ तास ३४ मिनिटं.

अंगठी मुद्दाम घालून गेले होते. दोरा न गुंडाळता, मधल्या बोटात, जिथे ती जेमतेम बसते. सायकलवर दर तासाला अंगठ्याने ती फिरवून बघायची. फिरली की मनात म्हणायचे, ठीक चाललंय.

सायकलच्या ९०-९० च्या दोन फेऱ्या. पहिली फेरी मी इतकी सावकाश केली की साठीच्या पुढच्या बायकाही "गुड जॉब" म्हणत पुढे गेल्या. त्यांच्या मागे लागावंसं फार वाटलं. पण नाडी १३५ च्या वर गेली की माझं पोट आखडतं हे वहीत नऊ वेळा लिहिलेलं होतं. म्हणून गेले नाही. दुसऱ्या फेरीत वारा उठला. १३० व्या किलोमीटरला घड्याळ थरथरलं आणि तोंडच उघडेना. जीभ कोरडी, बटाट्याचा विचारसुद्धा नको. मग चिक्कीचा नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर नुसता ठेवला, चावला नाही. गूळ विरघळायला लागला, तोंडाला पाणी सुटलं, राजगिऱ्याचे दाणे सुटे झाले तसे एकेक गिळले. तो एक तुकडा संपायला चार किलोमीटर लागले. त्यानंतर पुन्हा खाता आलं. माझ्या दृष्टीने शर्यत तिथे वाचली. सायकल ७ तास २१ मिनिटं.

धावणं किनाऱ्याने चार फेऱ्या. २८ व्या किलोमीटरला पोट आवळलं. थांबले नाही, एक किलोमीटर चालले, दोन घोट कोला आणि चिमूटभर मीठ घेतलं, पोट सैल पडल्यावर पुन्हा पळू लागले. सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळला. शेवटची फेरी अंधारात होती. समुद्र दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. ५ तास ५२ मिनिटांत धावणं संपलं. शेवटच्या कमानीखाली नवरा आणि धाकटी होती. पदक गळ्यात घालणाऱ्या आजोबांनी बरं आहे ना विचारलं, तर मी त्यांना अंगठी फिरवून दाखवली. त्यांना काही कळलं नसणार. मी मात्र दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून उभी राहिले.

विचारायचं असेल ते जरूर विचारा.

---

घाटरस्ता | ७ जानेवारी २०२४

ताई, मनापासून अभिनंदन! नाशिकहून लिहितोय, दोन वेळा पूर्ण अंतर केलंय. तुमच्या वहीला माझा नमस्कार. एका मुद्द्यावर मात्र वेगळं मत मांडतो. बटाटा, चिक्की हे घरचं म्हणून छान वाटतं, पण दमल्यावर चावायला ताकद लागते आणि किती ग्रॅम गेलं याचा हिशोब राहत नाही. तुमच्या १३० व्या किलोमीटरला नेमकं तेच झालं. जेल म्हणजे पाकिटातला घट्ट गोड पाक, त्याच्या पाकिटावर ग्रॅम छापलेले असतात, तोंडात पिळलं की काम झालं. मी पूर्ण १८० जेल आणि द्रवावरच करतो.

रंकाळापहाट | ७ जानेवारी २०२४

घाटरस्तादादा, धन्यवाद. तुमचं म्हणणं निम्मं मान्य. बटाटा मला १०० किलोमीटरपर्यंतच चालतो हे आता पक्कं कळलंय. पुढच्या वेळी त्यानंतर फक्त बाटली आणि चिक्की. पण जेल मी सरावात सहा वेळा घेऊन बघितलं आणि चार वेळा अर्ध्या तासात झुडूप शोधायला लागलं. ज्याचं पोट ज्याला सरावलं ते खरं. हिशोबासाठी मी बटाटे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून ६०-६० ग्रॅमच्या पुड्या बांधते.

---

मिरजकर | ८ जानेवारी २०२४

पेशाने डॉक्टर आहे. ताईंनी वर्णन केलंय त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात, रक्तातलं सोडियम कमी होणं. हा प्रकार लांब शर्यतीतल्या हौशी मंडळींमध्ये जास्त दिसतो, कारण ते सावकाश जातात, रस्त्यावर जास्त वेळ असतात आणि प्यायला भरपूर संधी मिळते. लक्षणं फसवी असतात. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण हे सगळं पाणी कमी पडल्यावरही होतं. ओळखायची खूण म्हणजे बोटं सुजणं, अंगठी-घड्याळाचा पट्टा रुतणं, आणि शर्यतीत वजन घटण्याऐवजी वाढणं. अशा माणसाला "पाणी पाज" म्हणून आणखी पाजलं तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेततं. आकडी आली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुखतंय म्हणून शर्यतीत आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका. मूत्रपिंडावर ताण येतो आणि हा धोका आणखी वाढतो.

आणि साखर-मीठ-पाण्याबद्दल. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाईन संपलेलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी ड्रमभर मीठ-ग्लुकोजचं पाणी करून रुग्णांना पाजायला लावलं आणि हजारोंचे जीव वाचले. त्यामागचं तत्त्व असं की आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. सायकलवरच्या बाटलीतही हेच घडतं. नुसत्या ग्लुकोजची वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला भरते. फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने जातं, म्हणून दोन्ही मिळून सरावलेल्या पोटाला ९० पर्यंत झेपतं. आपली साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. मिठाचा हिशोब: एक ग्रॅम मिठात साधारण ३९० मिलिग्रॅम सोडियम. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वाढवू नये.

रंकाळापहाट | ८ जानेवारी २०२४

डॉक्टरसाहेब, हे कुणीतरी मला नोव्हेंबर २०२२ च्या आधी सांगायला हवं होतं. प्रतिसाद छापून बाटलीच्या कपाटावर चिकटवते आहे.

---

अनवाणी | ८ जानेवारी २०२४

ताई, लई भारी! एक शंका. ३.८, १८०, ४२.२ असले आडमुठे आकडे कुणी ठरवले? ४, २०० आणि ४० का नाहीत?

रंकाळापहाट | ९ जानेवारी २०२४

हवाईतल्या ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या शर्यती आधीपासून होत्या: वायकिकीचं समुद्रातलं पोहणं २.४ मैल, बेटाला सायकलने प्रदक्षिणा ११५ मैल, आणि होनोलुलू मॅरेथॉन. जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या जोडप्याने त्या एकाच दिवसात जोडायची कल्पना काढली. पोहणं संपतं तिथून सायकल आणि सायकल संपते तिथून मॅरेथॉन नीट जुळावी म्हणून सायकलचे तीन मैल कमी केले. १९७८ साली १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केलं, गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला.

त्याच शर्यतीत जॉन डनबार धावायला लागला तेव्हा सगळ्यात पुढे होता. त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर दिली. तो दुसरा आला. पहिल्याच वर्षापासून ही शर्यत पोटाने फिरवली आहे, म्हणून मी या विषयाला इतकी चिकटून आहे.

---

पर्थवासी | ११ जानेवारी २०२४

१४ वर्षं इथे आहे, त्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो. ताईंना दुसऱ्या फेरीत जो वारा लागला तो उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून नैऋत्येकडून येतो. पर्थमध्ये त्याला प्रेमाने "फ्रीमँटल डॉक्टर" म्हणतात, कारण तो उकाडा उतरवतो. सायकलवाल्यांसाठी मात्र जितक्या लवकर १८० संपेल तितकं बरं.

दुसरं, भारतातून खाणं आणणाऱ्यांनी विमानातल्या कार्डावर सगळं जाहीर करावं. ताजी फळं, दूधदुभतं, बिया यांबद्दल इथे फार कडक आहेत. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर मोठा दंड.

रंकाळापहाट | ११ जानेवारी २०२४

अगदी बरोबर. मी चिक्की, मीठ, साखर सगळं लिहून दिलं. अधिकारी बाईंनी चिक्कीचं पाकीट उलटसुलट करून बघितलं, हे काय म्हणून विचारलं, आणि परत दिलं. बटाटे तिथेच घेतले. काढून घेतलीच असती चिक्की, तर तिथल्या खाण्यावर दोन दिवस सराव करता यावा म्हणून आठवडाभर आधी गेलो होतो.

---

सायकलवाली | १४ जानेवारी २०२४

ताई, तुमचं "खूप रडले" वाचून लिहावंसं वाटलं. मीही एका शर्यतीत अर्ध्यावर बाहेर पडले, त्याला दीड वर्ष झालं. सायकल गच्चीवर झाकून ठेवलीय. लोक विचारतील म्हणून फोटो पण काढून टाकले. आज तुमची वजनाची नोंद वाचून आमचा वजनकाटा पुसला. बाकी काही नाही.

रंकाळापहाट | १४ जानेवारी २०२४

सायकलवाली, सायकलच्या टायरमध्ये हवा भरून ठेव, झाकलेली राहिली तरी चालेल. दीड वर्षात टायरला चिरा जातात, तेवढं तपासून घे. पहिली नोंद झाली की मला आकडा कळव. वाट बघते.

---

वारणाकाठ | २० जानेवारी २०२४

मी ६७ वर्षांची. माझी सून यंदा गोव्याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीला नाव घालणार आहे. नोकरी करून पहाटे पळायला जाते. मला सायकलीतलं काही कळत नाही, पण स्वयंपाक माझ्याकडे आहे. आदल्या रात्री तिला काय वाढावं? मी पुरणपोळी करणार होते, ताकद राहील म्हणून.

रंकाळापहाट | २० जानेवारी २०२४

काकू, तुमची सून नशीबवान. पुरणपोळी शर्यत झाल्यावर करा, तेव्हा ती चार खाईल. डाळीचं पुरण आणि वर तूप रात्रभर पोटात बसून राहतं. आदल्या दिवशी दुपारीच मुख्य जेवण: मऊ भात, मुगाचं पातळ वरण, थोडं मीठ सढळ. रात्री लवकर, साडेसहा-सातला, तेच पण कमी. उसळ, कोशिंबीर, पालेभाजी, कच्चं काही दोन दिवस नको, एरवी चांगलं असलं तरी. सकाळी पोहण्याच्या अडीच-तीन तास आधी तिला सवय असेल ते. मी गूळ घालून केलेला पातळ रवा खाते.

आणि नवीन काही त्या दिवशी नको. जे वाढायचं ते आधी चार-पाच रविवारी, तिच्या लांबच्या सरावाच्या आदल्या रात्री वाढून बघा. सकाळी पोट कसं होतं ते तिला विचारा आणि लिहून ठेवा.

वारणाकाठ | २१ जानेवारी २०२४

वही आणली. तिला अजून सांगितलं नाही.

---

वारणाकाठ | २८ ऑक्टोबर २०२४

धागा वर काढते आहे. रंकाळापहाट, काल मिरामारला सूनबाईंनी ७ तास ४८ मिनिटांत पूर्ण केली. मी, माझा मुलगा आणि नात राजभवनाच्या चढावर सकाळपासून सावलीला उभे होतो. वहीत २२ पानं झाली आहेत. मुगाचं वरण तिला सोसत नाही, नुसता भात आणि मीठ-लिंबू सोसतं, हे सहाव्या पानावर निघालं. बटाटे मी पहाटे दोनला उकडले, तुमच्यासारख्या पुड्या बांधल्या.

तुमची अंगठीची गोष्ट मी तिला वाचून दाखवली होती. तिसऱ्या फेरीला चढावर आली तेव्हा चेहरा लाल झालेला, चालतच होती, माझ्या काळजात धस्स झालं. आमच्यासमोर आली, थांबली नाही, नुसता डावा हात वर केला आणि बोटातली अंगठी गरागरा फिरवली.